अकरा महिन्यांचा इतिहास: आपला भाडेकरार कसा वाचायचा?

पुण्यात बाहेरून शिकायला आलेल्या बहुतेकांनी एका कागदावर सही केलेली असते. त्याचं नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’ आणि मुदत ११ महिने. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागणार हे आपल्याला माहीत असतं, घरमालकालाही माहीत असतं, एजंटला तर आपल्या आधीपासून माहीत असतं. तरीही मुदत ११ महिनेच. असं का?

विचारलं की साधारण उत्तर मिळतं, “वर्षाच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन करावं लागतं ना!” हे उत्तर एके काळी बरोबर होतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने सांगितलं की मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. म्हणजे पाव शतकापूर्वीच ते कारण संपलं, सवय मात्र राहिली. कारण संपलं आणि सवय टिकली, असं कुठे दिसलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबून खणायला सुरुवात करावी.

या लेखात माझं म्हणणं एकच आहे. भाड्याच्या कायद्यांनी वेळोवेळी सांभाळलं ते आधीच घरात असलेल्या माणसाला. उद्या गावात येणाऱ्या माणसाचा विचार त्यांत फारसा झाला नाही. आपला ११ महिन्यांचा कागद त्याच इतिहासातून आला आहे.

सुरुवात युद्धापासून करू. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली मुंबईत भाडेवाढीवर तात्पुरती बंधनं आली. दुसऱ्या महायुद्धात १९३९ आणि १९४४ साली पुन्हा तसेच कायदे झाले. मग आला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, जो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक म्हणजे भाडं गोठवलं. १ सप्टेंबर १९४० ला त्या जागेचं जे भाडं होतं, ते ‘प्रमाण भाडं’. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेला तिचं पहिलं भाडं हेच प्रमाण. दुसरी गोष्ट, भाडेकरू हे भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोवर, कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांखेरीज त्याला बाहेर काढता येणार नाही.

त्या काळाचा विचार केला तर हा फार मोठा आधार होता. युद्ध, महागाई, फाळणीनंतरची स्थलांतरं, यांत डोक्यावरचं छप्पर शाबूत राहणं म्हणजे सगळंच. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांचे संसार पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच कायद्याच्या भरवशावर. कायदा मुळात थोड्या मुदतीचा होता, पण मुदत वाढवत वाढवत तो ५० वर्षांहून जास्त चालला.

आता हाच कायदा दुसऱ्या बाजूने वाचून बघा. समजा, आपण १९५५ साली साताऱ्याहून किंवा लातूरहून पुण्यात आलोय. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालंय, कॉलेजं वाढतायत. वाड्यातली खोली ज्याच्याकडे आहे तो ती सोडणार नाही, कारण तेवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नाही. मालक रिकामी खोली नव्याने भाड्याने द्यायला कचरतो, कारण एकदा दिली की परत मिळेल याची खात्री नाही. पोटभाडेकरू ठेवायला बंदी. पागडी घ्यायलाही बंदी, त्यामुळे ती पावतीशिवाय घेतली जाते. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी घरं एका दिवसात गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. शहर पेठांबाहेर सरकलं, पण भाड्याच्या खोलीची टंचाई काही गेली नाही.

मालकांनी मग शब्दांत वाट शोधली. ‘भाडेपट्टा’ दिला की जागेत हक्क निर्माण होतो. ‘परवाना’ दिला तर होत नाही, कारण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवाना म्हणजे जागा वापरायची नुसती मुभा. तेव्हा भाडेकरूला परवानाधारक म्हणा, भाड्याला परवाना शुल्क म्हणा, झालं काम! खोली तीच, माणूस तोच, महिन्याचे पैसेही तेच. बदललं फक्त कागदावरचं नाव, आणि त्याबरोबर संरक्षण गेलं.

सरकारच्या हे लक्षात आलं. १९७३ च्या दुरुस्तीने जाहीर केलं की १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करार असलेला आणि किमान एक खोली ताब्यात असलेला परवानाधारक हा भाडेकरूच मानला जाईल. एका तारखेने असंख्य माणसं सुरक्षित झाली. पण २ फेब्रुवारीला आलेल्याचं काय? त्याला या तरतुदीचा काहीच उपयोग नव्हता. उलट मालकांनी धडा घेतला की उद्या पुन्हा अशी एखादी तारीख येऊ शकते, तेव्हा मुदत छोटी ठेवा, माणसं बदलत राहा.

याच दुरुस्तीत एक बारकावा आहे. ‘पेइंग गेस्ट’ला या संरक्षणातून वगळलं होतं. त्याची व्याख्या अशी की मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याचाच काही भाग ज्याला परवान्यावर दिला आहे, तो पेइंग गेस्ट. १९९९ च्या कायद्यातही हीच व्याख्या आहे. आता आपल्या ओळखीची ‘पीजी’ आठवून बघा. एका फ्लॅटमध्ये आठ कॉट आणि मालक दुसऱ्याच उपनगरात! बोलीत ती पीजी, पण कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. शब्दाचा वापर आणि त्याची कायदेशीर व्याख्या यांच्यात असं अंतर पडतं, तिथे संशोधनाचा चांगला प्रश्न मिळतो.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की इतकी वर्षं गोठवलेलं प्रमाण भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण बरंचसं ठेवलं, वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडी कायदेशीर केली. राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेबद्दल मात्र कलम २४ अगदी स्पष्ट आहे. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट शुल्क. नव्याने येणाऱ्याला खोली मिळणं सोपं झालं, पण टिकून राहण्याचा हक्क त्या सौद्यात गेला. डिपॉझिट किती घ्यावं यालाही या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

आता एक गोष्ट या सगळ्या कायद्यांत शोधून बघा: दार उघडण्याची सक्ती. ती सापडत नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या खोलीचा नाही. ‘तुमचं आडनाव?’, ‘नॉनव्हेज खाता का?’, ‘बॅचलर नकोत’, ‘फॉरेनर नको, कटकट असते’ ही वाक्यं कराराच्या आधी बोलली जातात आणि नकाराचा कागद कोणी करत नाही. म्हणून नकाराचा इतिहास लिहायचा तर आत्मकथनांकडे जावं लागतं. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि तिथूनही त्यांना बाहेर काढलं गेलं. हे आपल्याला कळतं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून. बडोद्याच्या कोणत्या भाडेकरारातून ते कळलं नसतं.

दुसरा पुरावा म्हणजे ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्था. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आणलं. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, १९५५ मध्ये ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी सहायक समिती. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचं काम पाहताना शां. ब. मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांचे हाल पाहिले आणि १९७१ मध्ये सिंबायोसिसची सुरुवात केली. ‘या वर्षी ही संस्था का निघाली?’ असं विचारलं की खुल्या बाजारात तेव्हा कोणाला खोली मिळत नव्हती, याचा माग लागतो.

एक सावधगिरी हवी. टंचाईचं सगळं खापर भाडे नियंत्रणावर फोडणं सोपं आहे, आणि तसं लिहिणारे बरेच आहेत. लोकसंख्या, जमिनीचे भाव, बांधकामाचा वेग, पूर हे सगळं बाजूला ठेवून एकच कारण पुढे करू नका. कायद्याने टंचाई किती निर्माण केली यापेक्षा, त्याने ती कोणाच्या वाट्याला घातली, हा प्रश्न जास्त हाताशी येतो.

यावर काम करायचं असेल तर तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा: कायद्याचा मूळ मजकूर आणि दुरुस्त्यांच्या तारखा, लघुवाद न्यायालयातले खटले, आणि माणसांनी सांगितलेल्या आठवणी. गोखले इन्स्टिट्यूटसाठी धनंजयराव गाडगीळांनी केलेली पुण्याची पाहणी (१९४५ आणि १९५२) पार्श्वभूमीसाठी वाचाच.

आणि आजच्या आज आपला करार काढून बघा. नोंदणी क्रमांक आहे का? नसेल तर मालकाला लेखी विचारा. कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही त्याची जबाबदारी आहे, ती न केल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. डिपॉझिटची रक्कम करारात लिहिलेली हवी, आणि ती रोख न देता बँकेतून द्या. नोंदवलेल्या करारात जे लिहिलंय तेच कलम २४ खाली निर्णायक पुरावा मानलं जातं. तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, एजंट घाई करत असला तरी.