उचलीचा मागोवा

पोळा सरला की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरकडच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमाच्या चकरा सुरू होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते, अंगठा उठतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी ट्रॅक्टरवर चढते. पैसा तोवर लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात गेलेला असतो. डोक्याला घोर लागतो तो इथूनच, फडात पाऊल टाकण्याच्या आधी.

ही रीत कारखानदारीसोबत वाढली. 1919 मध्ये हरेगावला बेलापूर कंपनी उभी राहिली. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून हंगामभर न हलणारे मजूर हवे होते. आगाऊ पैशाने ती हमी मिळाली. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कितीतरी घरं या वाटेला लावली. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. उचल मात्र टिकली.

फडात वाहन रात्री आलं तर मोळ्या रात्रीच भरायच्या. बाई पहाटे तीन-चारला चुलीशी. राहायच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, आडोशाला मोरी नाही. तापाने पडलं तरी खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. गावाकडे आजीपाशी ठेवलेल्या लेकरांची काळजी वेगळीच. हंगाम संपून पट्टा पडला आणि हिशेबात बाकी निघाली, की पुढचा हंगामही आजच बांधला जातो.

घर सोडून जाण्याचा मनाशी काय संबंध, हा प्रश्न जुना आहे. 1932 मध्ये ओडेगार्ड या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञाने मिनेसोटातल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांत गंभीर मनोविकारांचं प्रमाण मायदेशापेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. कारण त्याने मुख्यतः स्थलांतर करणाऱ्यांच्या मूळ प्रकृतीत शोधलं. पुढच्या संशोधकांनी कर्ज, एकटेपणा, अपमान, असुरक्षित निवारा यांकडेही पाहिलं. आपल्या फडांकडेही तसंच पाहायला हवं.

ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं. तो क्रमांक प्रत्येक कोपीत पोहोचावा. पण समुपदेशनाने बाकी फिटत नाही. उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती देणं, आजारपणाचा खाडा बंद करणं आणि थकलेली बाकी पुढच्या हंगामावर न चढवणं, हाही मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे.