राजाची मोगरी आणि आपला मॉल

लंडनमधील राजवाडे, राजमार्ग आणि राजस्मारके पायी हिंडून दाखवण्याचा व्यवसाय करणारे जे वाटाडे आहेत, त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांच्या मागोमाग मी एका सकाळी बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकापासून निघालो, तेव्हा चार राजेराण्यांच्या गोष्टी ऐकाव्यात यापलीकडे माझा काही हेतू नव्हता. आमचा पंधरावीस जणांचा मेळा गर्दीत पांगू लागला की ते आपली मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरीत, आणि आळंदीच्या पालखीत चोपदाराने दंड उंचावताच टाळमृदंग जसे एकदम थांबतात, तशी आमची कुजबुज थांबे. राजवाड्यासमोरच्या रुंद, तांबूस रस्त्यावर उभे राहून ते म्हणाले, "हा मॅल. राजघराण्याच्या मिरवणुका येथूनच जातात. नाव मात्र याला मिळाले आहे एका खेळावरून." एवढे सांगून ते पुढच्या पुतळ्याकडे वळले. मी रस्त्याच्या नावाच्या पाटीकडे पाहत राहिलो. कारण उच्चार 'मॅल' असला तरी पाटीवरची चार इंग्रजी अक्षरे तीच होती, जी आमच्या शहरांत सरकत्या जिन्यांच्या प्रत्येक वातानुकूलित बाजारावर झळकत असतात. राजाच्या रस्त्याचे आणि आमच्या मॉलचे नाव एकच असेल, तर त्यांचे कूळही एकच असले पाहिजे, या विचाराने त्या दिवशी मला जे पछाडले ते अद्याप सोडलेले नाही.

बकिंगहॅम राजवाडा तिसऱ्या जॉर्जने १७६१ साली विकत घेतला, १८३७ पासून व्हिक्टोरिया तेथे राहू लागली, तिच्या स्मारकाचे अनावरण १९११ साली झाले आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची ॲडमिरल्टी कमान त्याच सुमारास उभी राहिली, हे कोणत्याही प्रवासवर्णनात सापडते. मला सांगावयाचे आहे ते याहून जुने आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत इटली, फ्रान्स, स्कॉटलंड आणि इंग्लंड या देशांतील राजेरजवाडे एक खेळ खेळत. लांबलचक, सपाट, दोन्ही बाजूंनी फळ्यांनी किंवा झाडांनी बंद केलेली एक गल्ली. तिच्या टोकाला लोखंडाची एक उंच कमान. कठीण लाकडाचा एक चेंडू आणि लांब दांड्याची लाकडी मोगरी. कमीत कमी टोल्यांत जो चेंडू कमानीतून पार करील तो जिंकला. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, जो पुढे इंग्लंडच्या गादीवर आला, त्याने १५९९ साली आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी 'बॅसिलिकॉन डोरॉन' हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात राजपुत्राला शोभणाऱ्या खेळांच्या यादीत या खेळाचा नावाने उल्लेख केला. थॉमस ब्लाउंट नावाच्या कोशकाराने १६५६ साली या खेळाचे वर्णन देताना सेंट जेम्सच्या जवळील लांब गल्लीत तो पूर्वी खेळला जात असे, अशीही नोंद केली. हा १६५६ चा दाखला वाचकांनी स्मरणात ठेवावा. पुढच्या वादात तो माझा मुख्य साक्षीदार आहे.

१६६० साली दुसरा चार्ल्स परदेशातील वनवास संपवून गादीवर आला आणि सेंट जेम्सच्या उपवनात त्याने खेळासाठी नवी गल्ली आखली. सॅम्युअल पीप्स या आरमारी कारकुनाने आपल्या रोजनिशीत २ एप्रिल १६६१ या तारखेस लिहिले आहे की, राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याला हा खेळ खेळताना त्याने पाहिले आणि हा खेळ त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. दोन वर्षांनी, १६६३ च्या मे महिन्यात, हाच पीप्स ती गल्ली झाडणाऱ्या रखवालदाराशी बोलत उभा राहिला. रखवालदाराने त्याला सांगितले की, तेथील जमीन निरनिराळी माती कालवून केलेली असून ती घट्ट राहावी म्हणून तिच्यावर शिंपल्यांची पूड पसरलेली आहे. परंतु कोरड्या हवेत त्या पुडीची धूळ होते आणि चेंडूचा वेग मरतो. राजाच्या खेळाविषयी दरबारी लोकांनी पुष्कळ लिहिले असेल, पण त्या झाडूवाल्याच्या या तक्रारीइतके मोलाचे मला दुसरे काही वाटत नाही. ज्याने चोपण्याने अंगण चोपून घेतले आहे आणि चैत्रात त्याची माती उडताना पाहिली आहे, त्याला या माणसाचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

धुळीचाच दुसरा एक मामला या कुळकथेला कलाटणी देऊन गेला. चेअरिंग क्रॉसहून सेंट जेम्स राजवाड्याकडे जाणारा जुना हमरस्ता उपवनाच्या भिंतीला लागून होता, आणि त्यावरून धावणाऱ्या बग्ग्यांची धूळ भिंतीवरून नव्या गल्लीत येऊन खेळणाऱ्यांना त्रास देई. म्हणून १६६१ साली तो हमरस्ता बंद करून उत्तरेला सरकवण्यात आला, आणि तो नेमका खेळाच्या जुन्या, ओस पडलेल्या गल्लीवरून नेण्यात आला. अशा रीतीने खेळाचे नाव दोन रस्त्यांना लागले: जुन्या गल्लीवरचा रस्ता 'पॅल मॅल', आणि उपवनातील नवी गल्ली नुसती 'मॅल'.

परंतु पॅल मॅल हे त्या रस्त्याचे सरकारी नाव नव्हते. सरकारने त्याला नाव दिले होते 'कॅथरिन स्ट्रीट', आणि ही कॅथरिन म्हणजे चार्ल्सची नियोजित वधू, पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्याची राजकन्या. तीच, जिच्या विवाहाच्या तहात त्याच १६६१ साली मुंबई बेट आंदण म्हणून लिहून दिले गेले, आणि जिच्या पतीने १६६८ मध्ये तेच बेट सालिना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. आमचे वाटाडे सेंट जेम्स राजवाड्याच्या शेजारी, इनिगो जोन्सने बांधलेल्या लहानशा प्रार्थनामंदिरासमोर उभे राहून ही राणी येथे आपल्या कॅथलिक पंथाची उपासना करी असे सांगत होते, तेव्हा त्या मेळ्यात मुंबईच्या बाजूचा मी एकटाच असल्यामुळे, त्या बंद दाराकडे इतक्या आपुलकीने पाहणाराही मी एकटाच होतो.

आता नावाचा वाद. इंग्रजीत 'पेलमेल' म्हणजे धांदल, झुंबड, एकावर एक धावून जाणे. पीप्सनेही खेळाचे नाव जवळजवळ तसेच लिहिले आहे. यावरून बग्ग्यांच्या झुंबडीमुळे रस्त्याला हे नाव पडले असे सांगणारे लोक आहेत. हे मत टिकत नाही. 'पेलमेल' हा शब्द मिसळणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून झाला आहे. आणि ब्लाउंट १६५६ मध्ये ज्या गल्लीचा निर्देश करतो तिच्यावर बग्गी फिरकली ती १६६१ नंतर. ज्या वाटेवर पाच वर्षांनी झुंबड व्हायची आहे, तिला त्या झुंबडीचे नाव आधीच कसे मिळावे?

दुसरे मत अधिक चतुर आहे. फ्रेंच लोक कधी कधी या नावाचे लेखन असे करीत की त्याचा पूर्वार्ध गवताच्या काडीचा वाटे आणि उत्तरार्ध साखळीच्या कडीचा किंवा जाळीच्या डोळ्याचा. चेंडू लोखंडी कमानीतून जातो, कमान म्हणजे एक प्रकारची कडीच, तेव्हा नाव कडीवरून आले असावे, असा मोह मलाही काही दिवस पडला होता. तो इटालियन भाषेने घालवला. तेथे या खेळाचे नाव 'पाल्लामाल्यो' असे आहे: 'पाल्ला' म्हणजे चेंडू, आणि 'माल्यो' म्हणजे मोगरी, जाळीचा शब्द 'माल्या' असा निराळा, आकारान्त आहे. एका अंत्य स्वराने निकाल लागला. 'माल्यो' लॅटिनमधील हातोडीवाचक 'मालेउस'चा वंशज, आणि इंग्रजीतील 'मॅलेट' त्याचाच भाऊबंद. तात्पर्य, सुतार पटाशीच्या मुठीवर जी मोगरी हाणतो, तिचे नाव आज आमच्या मॉलच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेले आहे.

येथवर कोशकार माझ्यासोबत आहेत. यापुढे मी बहुतांशी एकटा जातो. दक्षिण फ्रान्समधील लांगडॉक प्रांतात, माँपेलिएच्या परिसरात, हा खेळ गल्लीत न खेळता मोकळ्या रानातून, खाचखळगे ओलांडीत खेळण्याचा एक प्रकार होता आणि त्याला 'शिकान' म्हणत. हाच शब्द फ्रेंच कोर्टकचेरीत कज्जेदलालीसाठी, वाकड्या चालीसाठी, वापरला जातो. सतराव्या शतकातील थोर फ्रेंच पंडित द्यू कांज याने 'शिकान'चा संबंध बायझंटाइन ग्रीकांच्या 'त्सिकानियन' या घोड्यावरील चेंडूच्या खेळाशी लावला. आणि त्सिकानियन म्हणजे फारसी 'चौगान', ज्याला आपण आज पोलो म्हणतो, याविषयी मात्र विद्वानांत दुमत नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्याच्या आवारात या खेळाचे स्वतंत्र मैदान होते.

द्यू कांजचे मत आज पुष्कळांना मान्य नाही. कोणी 'शिकान'चे मूळ जर्मन कुळातील रचणे, जुळवणे या अर्थाच्या क्रियापदात शोधतात, कोणी तो नुसता ध्वन्यनुकारी शब्द मानतात. आणि त्यांचा सबळ आक्षेप असा की, फ्रेंच दप्तरांत कज्जाचा अर्थ पंधराव्या शतकातच दिसतो, खेळाचा अर्थ मागाहून. आक्षेप खरा आहे. पण कचेरीतला शब्द कचेरीतच लिहून ठेवला जातो, रानात खेळणाऱ्यांचा शब्द कोण लिहून ठेवणार? १२०४ ते १२६१ या काळात कॉन्स्टँटिनोपल फ्रेंच सरदारांच्या ताब्यात होते. त्या सत्तावन्न वर्षांत त्यांनी तेथील खेळ पाहिला, मायदेशी परतल्यावर घोडा वगळला आणि काठी व चेंडू ठेवले, असे मी मानतो. त्या देवघेवीचा कागद उपलब्ध नाही. खेळाचे साधर्म्य आणि नावाचा ध्वनी एवढ्या दोन खुणांवर मी हे म्हणतो.

आणि 'चौगान' या नावाच्या तळाशी काय आहे? आपल्या कानाला त्यात 'चौ', म्हणजे चार, ऐकू येतो, पण तो भास आहे. प्राचीन इराणी भाषेत त्याचे रूप 'चोबगान' असे होते, आणि 'चोब' म्हणजे काठी, लाकूड. हीच चोब धरणारा तो चोबदार, आपला चोपदार. जो मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या पुढे चालतो आणि पंढरीच्या वाटेवर दंड उंचावून लाखोंचा समाज निःशब्द करतो. वाटाड्याची उभी छत्री पाहून मला चोपदार आठवला, तेव्हा ज्या रस्त्यावर मी उभा होतो त्याच्या खेळाचे आणि चोपदाराचे एका काठीचे नाते निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

हिंदुस्थानात चौगान राजांचाच खेळ राहिला. कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरात चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला; अकबर अंधाऱ्या रात्री पेटते चेंडू घेऊन खेळे, आणि ते चेंडू पळसाच्या लाकडाचे असत, कारण पळस हलका असून सावकाश जळतो, असे अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले आहे. ज्या लाहोरात ऐबक पडला, त्याच लाहोरात इंग्रजांनी पुढे आपला मॉल रोड आखला. काठीच्या खेळाच्या पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची अशा दोन्ही शाखा, माझे म्हणणे खरे असेल तर, त्या एका शहरात पुन्हा भेटल्या.

बाकीचा प्रवास सोपा आहे. खेळ मागे पडला, गल्लीत दुतर्फा झाडीखाली प्रतिष्ठित लोक फेरफटका मारू लागले, आणि अठराव्या शतकात 'मॉल' म्हणजे कोणतीही छायादार फिरण्याची वाट असा अर्थ रूढ झाला. सिमला, मसुरी, नैनिताल येथील मॉल त्याच अर्थाचे. अमेरिकेत दुकानांच्या दोन रांगांमधील पायवाटेला हे नाव मिळाले. १९५६ साली व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुशिल्पकाराने मिनेसोटा राज्यात त्या वाटेवर छप्पर घातले, आणि वाटेचे नाव इमारतीला चिकटले. पण दुकाने आणि राजाचे क्रीडांगण यांचा संयोग अमेरिकेच्या आधी साडेतीनशे वर्षे झालेला आहे. इस्फहानमध्ये शाह अब्बासने राजवाड्यासमोर जे विशाल मैदान बांधले, त्याच्या चारही बाजूंना दुकानांच्या कमानी आहेत, मध्ये चौगान खेळला जाई, आणि गोलाचे दगडी खांब अजून तेथे उभे आहेत.

या सगळ्यातून मी एक निष्कर्ष काढला आहे. नाव हुकमाने पडत नाही, वहिवाटीने पडते. आणि 'वहिवाट' या शब्दात वाट आहे हे विसरू नये. राजाने आपल्या राणीचे नाव रस्त्याला दिले, आणि लोक मात्र तेथे पूर्वी खेळल्या जाणाऱ्या खेळाचेच नाव घेत राहिले. आज त्या रस्त्यावर कॅथरिनच्या नावाची पाटी नाही. तिने आंदण आणलेल्या शहराचेही तसेच झाले. सनदांत, तहांत आणि नकाशांत ते 'बॉम्बे' म्हणून नोंदले गेले; मराठी माणूस मुंबादेवीच्या नावाने त्याला मुंबईच म्हणत आला, आणि १९९५ साली सरकारी दप्तरानेही तेच नाव लिहून घेतले.