दारफळणीचा सण आणि वडिलांची सायकल

योम किप्पूरला इस्राएलचे रस्ते मोटारींवाचून ओस पडतात आणि मुले सायकली घेऊन बाहेर पडतात. आपल्या वाडवडिलांनी मात्र कोकणात ह्याच दिवसाला दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, असे नाव दिले होते. ह्या दोहोंची आमच्या घरी गाठ कशी पडली ते सांगायचे तर सुरुवात सायकलीपासूनच करावी लागेल.

पुण्यात रास्ता पेठेत आम्ही राहत असू तेव्हा वडिलांची एक रॅले सायकल होती, तीही जुनी घेतलेली. दर रविवारी ते ती अंगणात उलटी करीत. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवे ग्रीस भरीत. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहण्याचे काम आम्हा भावंडांचे. सायकल चालवण्याआधी आम्हांला पंक्चर काढता येऊ लागले! शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी ती जिन्याखाली भिंतीला लागे आणि शब्बाथ सुटेपर्यंत हलत नसे. आपल्या पूर्वजांचे घाणे शनिवारी बंद असत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्याकडे घाण्याच्या जागी सायकल आली, एवढेच.

तसे पाहिले तर हे वाहन फार प्राचीन नव्हे. पूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक छातीइतके उंच असे व खड्डा लागला की स्वार डोक्यावर आपटे. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली काढली. हवेचे टायर १८८८ साली डनलॉप यांनी दिले. ते बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर होते, ह्याचे आम्हां नर्सेसना कौतुक वाटते. मुंबईहून १९२३ साली काही पारशी तरुण सायकलीने जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली सुमारे ७१ हजार किलोमीटर हिंडून परतले. त्यांची गोष्ट वडील इतक्या वेळा सांगत की आम्हांला ते तिघे आपलेच काका वाटत. देशी सायकली पुढे आल्या. सोनिपतची ॲटलस १९५१ ची. तिचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद झाला तेव्हा वडील असते तर हळहळले असते.

१९७८ साली इस्राएलला निघताना रॅले विकावी लागली. घेणारा ती घेऊन गेला तेव्हा वडील घरात बसून राहिले, बाहेर आले नाहीत.

येथे नर्सिंगचे शिक्षण घेऊन नोकरी लागल्यावर आम्ही एक गंजलेली सायकल घेतली. वडिलांनी ती गच्चीवर महिनाभर खपून उभी केली. तिच्यावरून आम्ही कित्येक वर्षे रात्रपाळीला गेलो. पण किप्पूरला वडील दारे-खिडक्या लावून पांढऱ्या कपड्यांत बसत आणि बाहेर घंट्यांचा गलका चाले. आमची मुले खिडकीच्या फटीला डोळे लावीत. आम्ही त्यांना सांगत असू, "त्या रात्री हात मोडलेली मुले आम्ही इस्पितळात पाहतो, म्हणून जायचे नाही." ते खोटे नव्हते. हेल्मेटचा कायदाही २००७ साली आला, तोवर डोक्यांचेही हाल होते. पण खरे कारण आजोबांचा मान हेच होते, आणि ते आम्ही मुलांना कधी सांगितले नाही.

एका किप्पूरला धाकटा मित्राच्या सायकलीवर निघून गेला. चाक वाकडे करून, गुडघे फोडून परतला. आम्ही जखमा धुतल्या. वडील सारे पाहत होते. उपास सुटेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा. सकाळी पाहतो तो वडील ती सायकल उलटी करून चाकाचा आउट काढीत बसले होते आणि शेजारी धाकटा पान्हा धरून उभा होता.