गुण आला, पण कशाने?

१९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू, भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांच्या पडताळणीसाठी समिती नेमली. त्याच वर्षी आतड्याच्या क्षोभविकारावर होमिओपॅथिक हिंगाची चाचणी प्रसिद्ध झाली. १९७९ मध्ये दुसरी. कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यानुसार, या दोन्हींतील १२९ रुग्णांपैकी हिंग घेणारे ७३ टक्के दोन आठवड्यांत सुधारले. मात्र औषधाविना नुसते प्लासिबो घेणारेही ४५ टक्के सुधारले. पुरावा कमकुवत ठरला. रुग्णागणिक औषध निवडण्याची पद्धत १९९० मध्ये अवघ्या २० रुग्णांवर तपासली गेली. नेहमीच्या उपचारांहून लक्षणीय फरक दिसला नाही. हा विकार स्वभावतःच चढतो-उतरतो. म्हणून गुण आल्याचा अनुभव खरा असूनही पुरावा ठरत नाही, तुलना लागतेच. नरसिंहय्यांचा आग्रहही पडताळणीचाच होता.