शिवणीत गेलेला डोळा

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा माणूस बहुतेक वेळ एकटाच असतो. मजकूर ईमेलने येतो, चित्रं ईमेलने जातात आणि छापील प्रती कुरियरने घरी आल्या की कळतं, दहाव्या-अकराव्या पानांवर ऐसपैस पसरलेल्या हत्तीचा डोळा नेमका शिवणीत गेलाय. माझ्या पहिल्या पुस्तकात असंच झालं. सोळा पानांचे दोन फॉर्मे म्हणजे बत्तीस पानं. त्यांतून शीर्षकपान आणि प्रकाशनाचा तपशील वजा केला की गोष्टीला किती उरतात, हा हिशेब मला कला महाविद्यालयात कोणी शिकवला नव्हता. कागद दुमडून केलेली डमी एखाद्या जाणत्या चित्रकाराने नुसती चाळली असती, तरी हत्ती वाचला असता.

असं चाळणारं माणूस मिळावं, हा व्यावसायिक संघटनेत जाण्याचा माझ्या लेखी पहिला फायदा. 1971 मध्ये लॉस एंजेलिसला स्टीफन मूसर आणि लिन ऑलिव्हर या दोन लेखकांनी बालसाहित्यिकांची संस्था काढली. तिच्या नावात तेव्हा फक्त लेखक होते, 'इलस्ट्रेटर्स' हा शब्द मागाहून आला. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनी 1981 मध्ये दिल्लीत 'असोसिएशन ऑफ रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स फॉर चिल्ड्रन' स्थापली, तिच्या नावात मात्र लेखकाशेजारी चित्रकार आहे. संस्थापक स्वतः रेषेतला माणूस होता, म्हणून असेल! हीच संस्था 'इब्बी' या बालपुस्तकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची भारतीय शाखा. 'इब्बी'चा हान्स अँडरसन पुरस्कार लेखकांना 1956 पासून मिळू लागला. चित्रकारांना त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

दुसरा फायदा करारपत्राचा, आणि इथे जरा थांबायला हवं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 असं आहे, की कोणी मोबदला देऊन रंगचित्र काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिली मालकी काढून घेणाऱ्याची धरली जाऊ शकते. कलम 19 मात्र आपल्या बाजूचं आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क देऊन टाकले तरी 'हे माझं काम' असं सांगण्याचा अधिकार कलम 57 नुसार आपल्याकडेच राहतो. 'एकरकमी मानधनात सर्व हक्क' अशा एका ओळीखाली सही करण्यापूर्वी हे किती जणांना ठाऊक असतं? मला नव्हतं. चहा पिता पिता एका ज्येष्ठ चित्रकर्तीने ते समजावलं, तोवर माझ्या तीन पुस्तकांवर सह्या होऊन गेल्या होत्या.

नावाचंही तसंच. ब्रिटनमध्ये सारा मॅकिंटायर या चित्रकर्तीला 'पिक्चर्स मीन बिझनेस' ही मोहीम चालवावी लागली, ती चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीने घेतलं जावं एवढ्यासाठी. मराठीत चित्रकार दीनानाथ दलालांना असं मागायची वेळ आली नसावी, 'दीपावली' त्यांचाच अंक होता. सगळ्यांना स्वतःचा अंक काढणं परवडत नाही.

संघटनेत गेलं की कामं चालून येतात, असा समज असेल तर तो सोडा. वर्गणी भरून कोणाचा हात सुधारत नाही. काही बैठका कंटाळवाण्या असतात, काही ठिकाणी लेखकच जास्त बोलतात. तरी पुढच्या बैठकीला या. येताना डमी आणा, अर्धवट असली तरी चालेल. आणि सही न केलेलं करारपत्र घरात पडून असेल, तर तेही आणा.