आमदारकीचा फॉर्म आणि आपला समाज : सोलापूरच्या इतिहासातील काही पाने

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका घरोघर जाते, पोरंसोरं वाचतात, म्हातारी माणसं वाचून घेतात. म्हणून या वेळी आम्ही एक जुना विषय घेतला आहे. निवडणूक आली की वस्तीत एकच चर्चा असते, तिकीट कुणाला मिळालं आणि कोण पडणार. पण आपल्या माणसाने विधानसभेसाठी फॉर्म भरायचा, ही गोष्ट आपल्या समाजाला कधी आणि कशी मिळाली, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नाही. तो हिशेब मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

एक काळ असा होता की कायदेमंडळात अस्पृश्यांचा प्रतिनिधी सरकार नेमत असे. खुद्द बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणूनच. नेमलेला माणूस आणि लोकांनी निवडलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत जगापुढे मांडले. पुढे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला त्यातल्या १५ आल्या. आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्यातून सर्वांनी मिळून एक निवडायचा, अशी ती पद्धत ठरली.

आता सोलापूरकडे येऊ. १९३७ च्या निवडणुकीची मुळं पाहायची तर १९२५ सालात जावं लागतं. बहिष्कृत हितकारिणी सभेने त्या वर्षी जानेवारीत सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पाट्या यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांची मदत दिली. या वसतिगृहाचं काम पाहणारे गृहस्थ म्हणजे जिवाप्पा सुभा ऐदाळे. खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना सांभाळायचं, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय लावायची, असलं हे रोजचं काम. त्यात नाव नाही, पैसा तर नाहीच.

बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले. सोलापूर जिल्ह्यातून उमेदवारी मिळाली ती याच ऐदाळे यांना, आणि ते निवडून आले. बेळगावकडून निवडून आलेले बळवंतराव वराळे हेही धारवाडच्या वसतिगृहाचे काम पाहणारे. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही. ज्याच्या घरी समाजाचा राबता आहे, ज्याला लोक नावाने ओळखतात, असा माणूस शोधून त्याला उभं केलं, म्हणून पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. आधी काम, मग फॉर्म, असा तो क्रम होता.

त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. शिक्षण, मालमत्ता, कर असल्या अटी होत्या. एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त सभासद निवडायचे असत आणि जितके सभासद तितकी मतं. मुंबई प्रांतात ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. थोडक्या मतदारांनी शिस्तीने मतं दिली तर आपला माणूस येऊ शकत होता, आणि आपल्या लोकांनी ती शिस्त पाळली. १७५ जणांच्या त्या विधानसभेत मग खोती रद्द करण्याचं बिल आलं, महार वतनाचा प्रश्न आला. औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. सोलापूरसारख्या गिरणगावाला त्या बिलाचा अर्थ वेगळा सांगायला नको. जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेब सोलापुरात आले तेव्हा नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले.

पण चढानंतर उतार आला. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात एकही उमेदवार आला नाही. जागा राखीव होत्या, पण त्यांवर कोण बसणार ते बाकीच्यांची मतं ठरवत होती. राखीव जागा आणि आपला उमेदवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा समाजाला तेव्हा मिळाला.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळालं. १९५२ साली मुंबईत बाबासाहेबांचा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ३१५ जागांच्या मुंबई विधानसभेत फेडरेशनचे एकटे बी. सी. कांबळे निवडून आले. अशा पडत्या काळात सोलापूरने मात्र मान राखला. लोकसभेच्या सोलापूर मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते. एका जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोज आले. साऱ्या देशात फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, एक हैदराबाद राज्यातील करीमनगर आणि दुसरी आपलं सोलापूर! हत्तीच्या पेटीत ज्यांनी त्या वेळी मत टाकलं, त्या पिढीचे हे ऋण आपण विसरता कामा नये.

यानंतरचा प्रश्न आपल्या धम्माशी निगडित आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत हिंदूच गणला जाई आणि पुढे त्यात शीख आले. बौद्ध झालेल्या माणसाला राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क उरला नाही. नागपूरहून राखीव जागेवर १९६२ साली विधानसभेत निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड याच मुद्द्यावर कोर्टात गेली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आपण बौद्ध झालो असं त्यांनी उघडपणे जाहीर केलं होतं, म्हणून त्यांची निवड रद्द. म्हणजे बुद्धाला शरण जायचं की आमदारकीचा फॉर्म भरायचा, असा पेच आपल्या कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला. कागदावर 'हिंदू महार' लिहायचं तर मन खातं, 'बौद्ध' लिहायचं तर राखीव जागा जाते. सर्वसाधारण जागा खुली होती, पण तिथे निवडून येणं किती अवघड, हे सांगायला नको. ही कोंडी १९९० साली संसदेने कायदा करून फोडली आणि बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिलं. चौतीस वर्षं लागली. त्या चौतीस वर्षांत ज्यांनी जागा सोडली पण कागदावरचा 'बौद्ध' शब्द सोडला नाही, त्यांची नावं कुठल्या निकालपत्रकात सापडणार नाहीत.

आज महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या अकरापैकी मोहोळ आणि माळशिरस या दोन त्यात येतात. फॉर्म भरायला वय २५ पूर्ण हवं, मतदारयादीत नाव हवं, राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. डिपॉझिट दहा हजार, आपल्याला निम्मं. पडलेल्या वैध मतांच्या एक-षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर तेही जप्त. पण खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाखांवर गेली आहे, आणि गरिबाच्या पोराला खरी अडचण तिथे आहे.

मग करायचं काय? आमचं म्हणणं साधं आहे. घरातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाचं नाव यादीत आहे का ते पाहा. मुलामुलींचे दाखले वेळेवर काढा, ऐन वेळी धावाधाव नको. २०२३ च्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एक-तृतीयांश जागा ठेवण्याचं ठरलं आणि त्यात अनुसूचित जातींच्या जागाही धरल्या आहेत. तेव्हा आपल्या लेकीसुनांनाही सभेत बोलायला उभं करा. आणि उमेदवार निवडताना कोणाकडे गाड्या किती हे न पाहता, वस्तीतल्या पोरांचा अभ्यास कोण घेतं, दवाखान्यात रात्री कोण धावतं, ते पाहा. सोलापूरने १९३७ साली वसतिगृह सांभाळणारा माणूस विधानसभेत पाठवला होता. तसा माणूस आजही एखाद्या गल्लीत असेल. त्याला शोधणं हे आपल्या सर्वांचं काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!