डेटा बाइंडिंग (ग्रिड)

डेटा बाइंडिंग किंवा विदाबंधन म्हणजे डेटाबेसमधील नोंदी आणि संगणकाच्या पडद्यावरील घटक यांना एकमेकांशी जोडण्याची पद्धत होय. डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनमध्ये हा पडद्यावरील घटक बहुधा ग्रिड, म्हणजे ओळी व रकाने असलेला तक्ता असतो. ग्रिडमधील प्रत्येक ओळ एक नोंद, तर प्रत्येक रकाना त्या नोंदीतील एक फील्ड दाखवतो.

इतिहास

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ३.० (१९९३) या आवृत्तीत डेटा कंट्रोल हा घटक आला. बोरलँडच्या डेल्फीमध्ये (१९९५) टीडीबीग्रिड हा तयार ग्रिड होता. डॉट नेट फ्रेमवर्क २.० (२००५) मध्ये डेटाग्रिडव्ह्यू आणि बाइंडिंगसोर्स यांची भर पडली.

कार्यपद्धती

डॉट नेटमध्ये डेटा अ‍ॅडाप्टर क्वेरी चालवून नोंदी मेमरीतील डेटाटेबलमध्ये भरतो. बाइंडिंगसोर्स हा डेटाटेबल व ग्रिड यांमधील दुवा असून सध्याची ओळ कोणती, याची नोंद तो ठेवतो. ग्रिडमध्ये केलेला बदल प्रथम डेटाटेबलमध्ये उतरतो. अ‍ॅडाप्टरची अपडेट ही मेथड चालवल्यावरच तो डेटाबेसमध्ये लिहिला जातो. म्हणजेच पडद्यावर दिसते ती मूळ नोंद नसून तिची प्रत असते.

एकाच नोंदीतील परस्परविरोधी बदल

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी 'कुबेर' या नौकेचे अपहरण करून आले व रबरी होडीतून कफ परेड येथील मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर देशभरात मासेमारी नौकांची एकसमान नोंदणी आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा नोंदी अचूक राहणे सुरक्षेच्या व मच्छीमारांच्या रोजगाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

समजा, दोन कर्मचाऱ्यांनी एकाच नौकेची नोंद आपापल्या ग्रिडमध्ये उघडली. पहिल्याने परवान्याची मुदत वाढवून नोंद जतन केली. दुसऱ्याने जुन्याच प्रतीत मालकाचा पत्ता बदलला व संपूर्ण ओळ पुन्हा लिहिली, तर वाढवलेली मुदत पुसली जाते आणि परवाना असूनही नौका विनापरवाना ठरते.

हे टाळण्यासाठी अपडेट क्वेरीच्या अटीत प्राथमिक कळीसोबत फील्डची मूळ मूल्येही तपासतात. मूल्ये दरम्यान बदलली असल्यास एकही ओळ बदलत नाही आणि अ‍ॅडाप्टर डीबीकन्करन्सीएक्सेप्शन ही त्रुटी देतो. अशा वेळी नोंद पुन्हा वाचून वापरकर्त्याला दोन्ही मूल्ये दाखवणे इष्ट ठरते.